नव्वद म्हणजे किती?

इंदूरच्या आमच्या मंडळातर्फे दरवर्षी श्रावणात मराठी विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो. नारळ, एक पुस्तक आणि पाचशे एक रुपयांचे पाकीट, एवढाच त्याचा थाट. परंतु होळकरांच्या काळापासून येथे राहिलेल्या घरांतून या पाकिटाला त्यातील रकमेहून बराच अधिक मान आहे. सेवानिवृत्तीनंतर अर्जांच्या छाननीचे काम आमच्याकडे आले. उभा जन्म सरकारी कचेरीत अर्ज तपासण्यात गेलेल्या माणसाकडे ते यावे, यात नवल नाही. अट सुटसुटीत होती: नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक गुण. २०२३ साली एका विद्यार्थिनीच्या अर्जात ‘प्राप्त टक्केवारी’ या रकान्यापुढे ८९.६ असा आकडा होता. आम्ही नियमाप्रमाणे तांबड्या शाईने ‘अपात्र’ असा शेरा मारला आणि पुढचा अर्ज घेतला.

समारंभानंतर आठवड्याभराने मुलीची आजी आमच्या घरी आली. वय ऐंशीच्या पुढे, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक पिवळा कागद. रागावलेली मुळीच नव्हती. म्हणाली, “भाऊ, मला भांडायचं नाही. एवढंच समजावून सांगा. पोरीचा बाप म्हणतो, आठ लाख पोरं बसली होती, त्यातल्या दहातल्या नऊ जणांच्या ती पुढे आहे. तुम्ही म्हणता, ती नापास.”

“काकू, नापास नाही, अपात्र,” आम्ही म्हणालो. आणि म्हणताक्षणीच आपण किती हास्यास्पद बोललो ते आमच्या ध्यानात आले.

झाले होते असे. अर्जातील आकडा बारावीच्या गुणपत्रकावरचा नव्हता. अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या जेईई मेन या परीक्षेच्या जानेवारी २०२३ मधील फेरीचा तो पर्सेंटाइल होता. आमच्या शालेय गणिताच्या पुस्तकात ज्याला शततमक म्हणत, तोच हा. बारावीला मुलीला ८४ टक्के होते. जेईईची उत्तरतालिका ताडून पाहता तिचे प्रत्यक्ष गुण ३०० पैकी ९० च्या आसपास भरत होते, म्हणजे शेकडा ३०. एकच मुलगी, एकाच वर्षी, कुठे ३०, कुठे ८४ आणि कुठे ८९.६. तिन्ही आकडे खरे. आम्ही मात्र त्यांतला एक उचलून भलत्याच फूटपट्टीवर ठेवला होता.

आजीने पिशवीतला कागद काढला. तो तिच्या वडिलांचा हायस्कूल परीक्षेचा दाखला होता, अजमेर येथील राजपुताना बोर्डाचा. १९२९ साली स्थापन झालेल्या या बोर्डाच्या कक्षेत राजपुताना, मध्य भारतातील संस्थाने आणि ग्वाल्हेर हा सारा मुलूख येत असे. पुढे १९५२ मध्ये याच बोर्डाचे नाव केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, म्हणजे आजचे सीबीएसई, असे झाले. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांचे दाखले या अजमेर बोर्डाचे असतील. जुन्या पेट्या उघडून पाहाव्यात. त्या कागदावर टक्का नव्हता, गुण नव्हते. ‘सेकंड डिव्हिजन’ एवढे दोनच शब्द. आजी म्हणाली, “एवढ्यावर त्यांना सरकारात नोकरी लागली. कुणी विचारलं नाही, सेकंड म्हणजे किती.”

त्या दिवसापासून हा ‘किती’ आमच्या मागे लागला. आम्ही कला शाखेचे पदवीधर. प्रमाण विचलन हा शब्द साठी उलटल्यावर शिकलो. जे वाचले, त्यातून हाती लागलेली हकिकत वाचकांपुढे ठेवत आहोत.

गुण कळवण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे क्रमांक. त्या रीतीचे परम वैभव केंब्रिज विद्यापीठात होते. तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि त्यांची नावे क्रमवार जाहीर होत. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी. पहिला क्रमांक त्यांना एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला होता, हे आपण सहसा सांगत नाही. महाराष्ट्राने ती परीक्षेतली श्रेणी त्यांच्या नावालाच जोडली आणि ते जन्मभर रँग्लर परांजपे राहिले. परीक्षेचा निकाल माणसाचे उपपद होऊन बसावा, असे दुसरे उदाहरण आमच्या माहितीत नाही. महाजनींच्या नावामागे तेच उपपद लागले ते याच वाटेने. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. तेव्हापासून आपल्याकडेही ‘पहिला आला’ या दोन शब्दांत सारे येऊ लागले. १९१२ च्या मॅट्रिकला चिंतामणराव देशमुख पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली, हे आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी सांगत. त्यांना गुण किती पडले, हे कोणीच सांगत नसे.

क्रमांकाच्या पोटात काय दडते, ते फ्रान्सिस गॉल्टनने १८६९ साली उघडे करून दाखवले. केंब्रिजच्या याद्यांमागचे प्रत्यक्ष गुण त्याला पाहायला मिळाले होते. एका यादीत सीनियर रँग्लरला साडेसात हजारांहून अधिक गुण होते. सर्वांत खालच्या रँग्लरला सुमारे दीड हजार, तर सन्मान यादीतल्या शेवटच्या विद्यार्थ्याला तीनशेही नव्हते. छापील यादीत मात्र सगळे एकाखाली एक, सारख्याच अंतरावर. दोन पायऱ्यांमध्ये वीतभर अंतर आहे की दरी, हे क्रमांक सांगत नाही. याच गॉल्टनने पुढे १८८५ मध्ये पर्सेंटाइल हा शब्द रूढ केला. शंभर माणसे उंचीप्रमाणे रांगेत उभी केली, तर अमुक माणूस कितव्या जागी उभा राहील, हे सांगण्याची ती युक्ती. म्हणजे पर्सेंटाइल हा गुण नव्हेच. तो क्रमांकच आहे, फक्त शंभराच्या साच्यात ओतलेला. गॉल्टनच्या नावाशी वंशश्रेष्ठत्वाचे त्याचे पुढचे खटाटोपही जोडलेले आहेत. फूटपट्टी बनवणाऱ्याचा हेतू फूटपट्टीवर लिहिलेला नसतो.

क्रमांकाची रीत किती हटवादी असते, ते १८९० साली दिसले. त्या वर्षी फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीने सर्वांत अधिक गुण मिळवले. परंतु स्त्रियांना यादीत स्थान नव्हते. मग जाहीर काय करावे? ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असे तिच्या नावापुढे वाचून दाखवण्यात आले. पहिल्याच्या वर, पण पहिली नव्हे! १९०९ नंतर केंब्रिजने क्रमवार यादी जाहीर करणे बंद केले. आपल्याकडे ‘बोर्डात आला’ हा शब्दप्रयोग त्यानंतर कितीतरी दशके टिकला.

क्रमांक अंतर लपवतो, हे एक झाले. तो चूकही लपवतो, हे सांगायला दुसरा माणूस पुढे आला. फ्रान्सिस एजवर्थ हा अर्थशास्त्री. त्याने १८८८ आणि १८९० या वर्षी दोन निबंधांत परीक्षांचे संख्याशास्त्र मांडले. एकच उत्तरपत्रिका दोन तितक्याच योग्य परीक्षकांनी तपासली, तर गुण सारखे पडत नाहीत. मग निकालात दैवाचा भाग किती? त्याने तपासलेल्या सार्वजनिक स्पर्धापरीक्षांविषयी त्याचा निष्कर्ष असा होता की, उत्तीर्ण झालेल्यांपैकी एकतृतीयांश ते दोनतृतीयांश उमेदवारच निश्चिंत म्हणता येतील. बाकीच्यांच्या जागी, परीक्षक बदलले असते तर, दुसरे कोणी असू शकले असते. पस्तीस वर्षे निवड याद्या हाताळलेल्या आमच्यासारख्याला हे वाचून रात्री झोप लागली नाही. कटऑफच्या खाली अर्ध्या गुणाने राहिलेल्या किती जणांना आम्ही ‘नियम म्हणजे नियम’ असे सुनावले असेल!

आता अमेरिकेकडे वळावे लागते. प्रमाणित चाचणी आणि तिच्या गुणांची मोजपट्टी यांचा सर्वांत मोठा, सर्वांत लांबलेला प्रयोग तेथे झाला, आणि त्याची कागदपत्रेही उपलब्ध आहेत. १९०० साली तेथील महाविद्यालयांनी मिळून कॉलेज बोर्ड स्थापन केले. सुरुवातीच्या परीक्षा निबंधवजा असत. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने लक्षावधी रंगरुटांची झटपट चाचणी घेतली आणि त्या धर्तीवर २३ जून १९२६ रोजी ‘एसएटी’ ही परीक्षा प्रथम झाली. ८,०४० विद्यार्थी बसले. परीक्षेचा कर्ता कार्ल ब्रिगम. सैन्याच्या चाचण्यांवरून वंशावंशांतील बुद्धीच्या उतरंडीविषयी त्याने १९२३ मध्ये पुस्तक लिहिले होते. १९३० मध्ये ते निष्कर्ष त्याने स्वतःच निराधार ठरवून मागे घेतले. असे मागे घेणारे थोडे असतात, म्हणून नोंद केली.

या परीक्षेत किती प्रश्न बरोबर आले, तो आकडा विद्यार्थ्याला कळवत नसत. त्याला कच्चे गुण म्हणावे. कच्चा शेर आणि पक्का शेर हा भेद आपल्या पिढीने निदान ऐकलेला आहे; येथेही तसेच. सर्व परीक्षार्थींच्या कच्च्या गुणांची सरासरी काढायची आणि त्या सरासरीला ५०० म्हणायचे. मग गुण सरासरीपासून किती पसरले आहेत त्याचे माप, म्हणजे प्रमाण विचलन, काढायचे आणि त्याला १०० म्हणायचे. सरासरीच्या वर एक विचलन असेल तर ६००, खाली एक असेल तर ४००. साधारणपणे दोनतृतीयांश मुले या दोहोंच्या मध्ये येतात. वरची मर्यादा ८००, खालची २००. या विचित्र आकड्यांचा एक मोठा लाभ असा की, कोणीही ५६० ला टक्के समजत नाही. आमच्या छाननी समितीलाही समजता आले नसते.

पण ५०० म्हणजे कोणाची सरासरी? सुरुवातीची पंधरा वर्षे प्रत्येक वेळी त्या त्या दिवशी बसलेल्यांची. जो गट बसेल त्याची सरासरी ५००, मग गट हुशार असो वा सामान्य. गावोगावचा शेर वेगळा, आणि प्रत्येक शेरावर शिक्का मात्र ‘एक शेर’! एप्रिलला बसणाऱ्या मुलाचे ५५० आणि जूनला बसणाऱ्याचे ५५० यांची तुलना करता येईना. म्हणून १९४१ साली पट्टी एकदाच कोरण्याचे ठरले. एप्रिल १९४१ मध्ये बसलेले दहा हजारांहून थोडे अधिक विद्यार्थी हा मूळ गट धरला. भाषेच्या चाचणीत त्यांची सरासरी ५००. गणिताची पट्टी १९४२ मध्ये त्याला जोडली. त्यानंतरच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेचे गुण याच पट्टीवर बसवायचे.

प्रश्नपत्रिका तर दर वेळी नवी. मग जुन्या पट्टीशी सांधा कसा जोडायचा? यातली युक्ती आम्हांस फार आवडली. नव्या परीक्षेत काही जुने प्रश्न गुपचूप घालायचे. समजा नव्या गटाने ते जुने प्रश्न पूर्वीच्या गटाइतकेच सोडवले, पण उरलेल्या नव्या प्रश्नांत मात्र त्याचे गुण घसरले. याचा अर्थ मुले तीच आहेत, नवे प्रश्न कठीण आहेत. तेव्हा कमी कच्च्या गुणांना तेवढाच पक्का गुण द्यायचा. उलट जुन्या प्रश्नांतही गट मागे पडला, तर गटच कच्चा. घड्याळजी दोन घड्याळे तिसऱ्या घड्याळाशी लावतो, तसे हे. १९४७ मध्ये या कामासाठी एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही स्वतंत्र संस्था उभी राहिली.

पट्टी स्थिर झाली. देश मात्र स्थिर राहिला नाही. १९४१ चा तो गट मुख्यतः पूर्व किनाऱ्याकडील निवडक महाविद्यालयांत जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींचा होता. महायुद्धानंतर शेतकऱ्यांची, कामगारांची, कृष्णवर्णीयांची, नवागतांची मुले लाखांनी परीक्षेला बसू लागली. १९६३ साली भाषेची सरासरी ४७८ होती. १९८० मध्ये ती ४२४ वर आली. गणितात ५०२ वरून ४६६. वर्तमानपत्रांनी शिक्षणाचा ऱ्हास म्हणून टाहो फोडला. कारणे शोधायला नेमलेल्या समितीने १९७७ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार १९६३ ते १९७० या पहिल्या टप्प्यातली बहुतेक घसरण बसणाऱ्यांचा समुदाय बदलल्यामुळे होती. पुढची घसरण मात्र तेवढ्याने उलगडत नव्हती. म्हणजे ऱ्हास अगदीच खोटा नव्हता. पण टाहो फोडणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत होते की, आज ज्याच्याशी तुलना चालली आहे तो ‘५००’ म्हणजे १९४१ च्या वसंतातील दहा हजार मुले आहेत?

अखेर एप्रिल १९९५ पासून पट्टी पुन्हा कोरली गेली. १९९० साली शाळा संपवणाऱ्या दहा लाखांहून अधिक परीक्षार्थींना नवा मूळ गट मानले आणि त्यांची सरासरी पुन्हा ५०० च्या जवळ आणली. भाषेत जुने सुमारे ४२५ ते नवे ५००. एका रात्रीत लक्षावधी मुलांचे गुण पाऊणशेने वाढले आणि कोणालाही एक शब्द अधिक येऊ लागला नाही. टोकाला तर अशी गंमत झाली की, भाषेत ज्यांना पूर्वी ७३० पडले असते आणि ज्यांना ७८० पडले असते, ते सगळेच आता ८०० वर जाऊन बसले. टीकाकार म्हणाले, ही घसरण झाकण्याची चलाखी आहे. संस्था म्हणाली, आजच्या मुलाला आजच्या मुलांमधले स्थान कळायला हवे. आमच्या मते दोघांचेही खरे होते, आणि दोघांनाही एकच आकडा दोन कामांसाठी हवा होता. ‘मागच्या पिढीच्या मानाने आपण कुठे’ आणि ‘वर्गातल्या मुलांच्या मानाने मी कुठे’ हे दोन प्रश्न एका पट्टीवर फार काळ राहत नाहीत. पुढे २००५ मध्ये तिसरा भाग जोडून एकूण गुण २४०० झाले, २०१६ मध्ये पुन्हा १६००. त्याच्या तपशिलात शिरत नाही.

या परीक्षेच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. गुणासोबत विद्यार्थ्याला असेही कळवले जाते की, हा आकडा नेमका नाही. तुम्ही पुन्हा बसलात तर तीस-चाळीस गुण इकडे-तिकडे होऊ शकतात. एजवर्थच्या दैवाला त्यांनी निदान गुणपत्रकात जागा दिली.

आपल्याकडे पट्ट्यांची गाठ पडली ती बोर्डांच्या अनेकतेमुळे, आणि ती बहुधा न्यायालयांतच सोडवावी लागली. २००८ साली महाराष्ट्र सरकारने अकरावी प्रवेशासाठी पर्सेंटाइलवर आधारलेली पद्धत आणली. राज्य मंडळाची मुले आणि आयसीएसई, सीबीएसईची मुले यांच्या गुणांची तुलना सरळ होत नाही, ही तक्रार त्यामागे होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी नव्वद टक्के जागा ठेवण्याचा निर्णय झाला, तोही रद्द. २०१० मध्ये ‘सर्वोत्तम पाच विषय’ ही तोड निघाली. उच्च न्यायालयाने ती नाकारली आणि सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. तीन वर्षे, तीन पट्ट्या. त्या तीन उन्हाळ्यांत मुंबईत दहावी झालेली आमची भाचरे अजून तो विषय निघाला की तावातावाने बोलतात. त्याआधी २००७ साली उत्तर प्रदेशातील न्यायिक सेवेच्या भरतीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, उमेदवारांनी वेगवेगळे विषय घेतले असतील तेथे गुण एका पट्टीवर बसवण्याला अर्थ आहे. सर्वांनी तीच प्रश्नपत्रिका सोडवली असेल, तर परीक्षकांमधला कडक-सैल फरक दूर करण्याचे उपाय वेगळे आहेत. हा निकाल आम्ही नोकरीत असताना वाचला होता, खरे सांगायचे तर न समजता.

जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत २०१३ ते २०१६ या काळात बारावीच्या गुणांना चाळीस टक्के वजन होते, आणि निरनिराळ्या बोर्डांचे गुण एकमेकांशी जुळवण्यासाठी पर्सेंटाइलचाच आधार घेत. २०१७ पासून ते वजन काढले. २०१९ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्था ही परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत घेऊ लागली आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी झाली. येथे जुने प्रश्न घालून सांधा जोडत नाहीत. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे शेकडा किती, एवढेच मोजतात. प्रत्येक सत्रातला पहिला तो १००. मग सगळ्या सत्रांचे पर्सेंटाइल एकत्र करून यादी लावतात. यामागे एक गृहीत आहे: मुलांची सत्रांत वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झालेली असल्याने प्रत्येक सत्रातला समुदाय सारखाच हुशार असतो. समुदाय लाखाच्या घरात असला तर हे गृहीत बऱ्यापैकी टिकते, असे आम्हांसही वाटते. आमची तक्रार दुसरीच आहे. हा पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत छापतात. दोघांची बरोबरी होऊ नये म्हणून ही सोय आहे, आणि व्यवस्थेच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. पण एजवर्थने जिथे दोनतृतीयांशांहून अधिक उमेदवार निश्चिंत मानायला संकोच केला, तिथे आपण एका सकाळी तीन तास केलेल्या कामाचा आकडा कोट्यंशापर्यंत लिहून मुलाच्या हाती देतो, आणि तो किती डगमगू शकतो याचा एक शब्दही त्याच्याखाली नसतो. सोनाराच्या काट्यावर गवताचा भारा!

समुदायाचे गणित आणि एकट्या मुलाचे गाऱ्हाणे यांत केवढे अंतर असते, ते आमच्याच शहराने पाहिले. ४ मे २०२५ रोजी वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा चालू असताना इंदुरात वादळी पाऊस आला आणि काही केंद्रांवर वीज गेली. अंधारात पेपर लिहावा लागला म्हणून मुले उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेली. एकल न्यायाधीशांनी ३० जूनला याचिकाकर्त्यांची फेरपरीक्षा घेण्याचा आदेश दिला. जुलैमध्ये द्विसदस्यीय पीठाने तो रद्द केला. बाधित केंद्रांवरच्या आणि इतर केंद्रांवरच्या मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक दिसत नाही, असा तज्ज्ञांचा अहवाल पुढे आला होता. संख्याशास्त्र म्हणून त्यात चूक काढण्याची आमची योग्यता नाही. परंतु सरासरीत फरक नाही म्हणजे खिडकीपासून दूर बसलेल्या एखाद्या मुलीचेही नुकसान झाले नाही, असे त्यातून निघत नाही. न्यायालयापुढे उभी होती ती मुले. अहवाल होता केंद्रांचा.

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही सीबीएसईचे एक गुणपत्रक पुन्हा डोळ्यांखाली घातले. गुणांच्या शेजारी ए-१, ए-२ अशी श्रेणी असते. आमची समजूत होती की, अमुक गुणांवर ए-१ मिळते. तसे नाही. त्या विषयात उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या एकअष्टमांशाला ए-१, पुढच्या एकअष्टमांशाला ए-२, असे ते आठ भाग आहेत. म्हणजे एकाच ओळीत डावीकडे कच्चा गुण आणि उजवीकडे समुदायातले स्थान! हे कितीतरी वर्षे आपल्या घरातल्या कागदावर छापलेले आहे. आम्ही ते एकदाही वाचले नव्हते. अजमेरच्या त्या जुन्या बोर्डाने ‘सेकंड डिव्हिजन’ एवढेच लिहिले, त्यात माहिती थोडी होती, पण खोटा बारीकपणा नव्हता. अर्थात सीमारेषेवरच्या मुलाचे दुःख तेव्हाही होतेच. एका गुणाने फर्स्ट हुकलेल्या आमच्या थोरल्या काकांनी ती गोष्ट मरेपर्यंत सांगितली.

पुढच्या वर्षी समितीने अर्जाचा नमुना बदलला. आता बोर्डाचे नाव, एकूण गुण, मिळालेले गुण आणि प्रवेशपरीक्षेचा पर्सेंटाइल असे चार निराळे रकाने आहेत, आणि पात्रता केवळ शालान्त परीक्षेवर, त्या त्या बोर्डाच्या मुलांची आपापसांत तुलना करून ठरते. पहिल्याच वर्षी आलेल्या अर्जांपैकी निम्म्याहून अधिक अर्जांत पर्सेंटाइलच्या रकान्यात बारावीचे टक्के भरलेले होते. एकाने दोन्हीकडे तोच आकडा लिहून खाली ‘समान’ अशी टीप दिली होती.

त्या विद्यार्थिनीचा अर्ज आमच्या फाइलीत आहे. शेरा खोडता येत नाही, ही कचेरीतली सवय; म्हणून ‘अपात्र’च्या खाली आम्ही लिहिले: ‘रकान्यातील आकडा टक्केवारी नसून पर्सेंटाइल आहे. वरील शेरा चुकीच्या आधारावर मारला गेला,’ आणि तारीख घालून सही केली. नव्या नियमानेही ८४ टक्क्यांवर तिला पाकीट मिळाले असते की नाही, हे आम्ही अजून हिशेब करून पाहिलेले नाही. पुस्तक मात्र तिच्या घरी नेऊन दिले. आजीने चहा केला, आणि जाताना वडिलांचा दाखला मंडळाच्या कपाटात ठेवायला म्हणून आमच्या हाती दिला.